स्ट्रेप्टोमायसीज

मातीत राहणाऱ्या तंतुमय जीवाणूंची एक मोठी प्रजाती. यांचे तंतू शाखांनी पसरतात आणि टोकाला बीजाणूंच्या माळा धरतात, म्हणून पूर्वी यांना कवकांत धरीत. पेशीत केंद्रक नसल्याने ते जीवाणूच ठरले. पहिल्या पावसानंतर दरवळणारा मृद्गंध मुख्यतः यांनीच तयार केलेल्या जिओस्मीन या संयुगाचा असतो. प्रयोगशाळेच्या बशीत यांची वसाहत आधी चिवट, चामड्यासारखी दिसते. काही दिवसांनी तिच्यावर पांढरी-राखाडी भुकटी धरते. ही भुकटी म्हणजे बीजाणू.

माणसाच्या आरोग्याशी यांचे नाते नेमके याच टप्प्यावर जुळते. अन्न संपत आले की जुने तंतू विरघळू लागतात आणि त्यांवर बीजाणू पोसले जातात. विरघळणाऱ्या तंतूंतले अन्न आयते मिळवायला आसपासचे जीवाणू सरसावतात. त्यांना रोखणारी रसायने बहुधा याच सुमारास स्रवतात. वैद्यकातील अनेक प्रतिजैविके म्हणजे हीच रसायने.

१९४३ मध्ये अमेरिकेतील रटगर्स येथे सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या तरुण विद्यार्थ्याने भरपूर खत घातलेल्या शेतातील मातीतून ‘स्ट्रेप्टोमायसीज ग्रिसियस’ वेगळा केला आणि त्यापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. क्षयरोगावरचे ते पहिले परिणामकारक प्रतिजैविक. १९५२ चे नोबेल एकट्या वाक्समन यांना मिळाले. शॅट्झ यांच्यावर हा उघड अन्याय होता. पुढे जपानच्या मातीतून सातोशी ओमुरा यांना सापडलेल्या एका जातीपासून आयव्हरमेक्टिन आले आणि नदीकाठच्या अंधत्वाचा रोग आटोक्यात येऊ लागला.

महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्ट्रेप्टोमायसीज पिंप्रिना’ या जातीपासून हॅमायसिन हे कवकरोधी औषध मिळवले. जातीच्या नावात पिंपरी आहे आणि औषधाच्या नावात कंपनीची आद्याक्षरे.

काही थोड्या जाती रोगकारकही आहेत. ‘स्ट्रेप्टोमायसीज सोमालिएन्सिस’ काट्याच्या जखमेतून शिरून मदुरा पाय हा चिवट विकार जडवतो. अनवाणी शेतात राबणाऱ्यांना त्याचा धोका अधिक.

औषध बनवणारा जीवाणू स्वतः त्या औषधाने मरत नाही, कारण बचावाची जनुके त्याच्यापाशी असतात. कॅनडातील संशोधकांनी २००६ मध्ये मातीतील ४८० प्रकार २१ प्रतिजैविकांवर तपासले; प्रत्येक प्रकार सरासरी सात ते आठ औषधांना दाद देत नव्हता. अशी जनुके एका जीवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकतात. क्षयाच्या जंतूला मात्र उसनवारीही लागत नाही, त्याच्याच जनुकातला किरकोळ बदल पुरतो. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत सहा महिन्यांत स्ट्रेप्टोमायसिन घेणाऱ्या ५५ रुग्णांपैकी ४ दगावले, नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४. पाच वर्षांनी हेच आकडे ३२ आणि ३५ झाले. अनेक रुग्णांतील जंतू औषधाला सरावले होते. तेव्हापासून क्षयावर एकाच वेळी अनेक औषधे देण्याची पद्धत रुळली.

एवढे ठाऊक असताना हेच औषध पिकांवर मारले गेले, ही गोष्ट गंभीर आहे. डाळिंबावरील तेल्या रोगासाठी बागायतदार स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांच्या मिश्रणाच्या पुड्या पाण्यात कालवून फवारत आले. फवाऱ्याचा बराच भाग जमिनीवर पडतो. तिथे संवेदनक्षम जीवाणू मरतात, प्रतिकारक्षम उरतात आणि वाढतात. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने या दोन्हींच्या शेतीतील वापरावर टप्प्याटप्प्याने बंदी घालण्याचा मसुदा काढला. तेल्यासाठी रोगमुक्त रोपे लावणे, छाटणीची हत्यारे निर्जंतुक करणे आणि रोगट फांद्या-फळे बागेबाहेर नेऊन जाळणे हे उपाय आधीपासून आहेत. त्यांना मजुरी जास्त लागते, म्हणून ते मागे पडतात.