तीनपट, चाळीसपट आणि निम्मं

आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत आज्याची एक पावती आहे. कागद पिवळा, घडीवर फाटलेला. आकाराच्या तीनपट रक्कम सरकारात भरल्याची ती पावती. रक्कम दोन आकडी. पण ती भरायला आजीची पोत गहाण पडली, असं आत्या सांगते. त्या पावतीनं महारकीची जमीन आमची झाली. झाली म्हणजे कशी, तेच सांगायचंय. दोस्तहो, महाडच्या तळ्याची तारीख आपल्याला पाठ असते, पण आपल्याच सात-बाऱ्यावरचं 'भोगवटादार वर्ग २' वाचता येत नाही. मलाही येत नव्हतं.

भावानं घर बांधायला काढलं तेव्हा ते वाचायची पाळी आली. जमीन आमचीच, समुद्रापासून हाकेवर. भावाचं म्हणणं, माझा हिस्सा वेगळा करून द्या, बँक कर्ज देते. एका कचेरीत गेलो. साहेब म्हणाला, ही नवीन शर्तीची. कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, वाटूनही घेता येत नाही. घर बांधायचं म्हणजे बिनशेती, म्हणजे नजराणा. किती? बाजारभावाच्या निम्मा.

निम्मा! भाऊ हसलाच. म्हणाला, आपलीच जमीन अर्ध्या किमतीला परत विकत घ्यायची होय?

हा नजराणा आला कुठून? शब्द दरबारी आहे. पेशवाईत वतन विकलं, दत्तक घेतला, की सरकारला नजर द्यावी लागे. इंग्रजानं १८७४ च्या वतन कायद्यात वतनाची जमीन परक्याला विकायला बंदी घातली. महाराला ती जमीन चोवीस तासांच्या राबणुकीबद्दल. वर सरकार तिच्यावर जुडी घेई. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणलं: महाराला पूर्ण आकार भरून या वेठीतून सुटू द्या. कौन्सिलात ते तडीस गेलं नाही. पुढं १९५८ चा कनिष्ठ गावकामगार वतनं नाहीशी करण्याचा कायदा झाला. वतन सरकारजमा, आणि तीनपट आकार भरला की तीच जमीन रीग्रँट. आज्याची पावती ती. पण त्याच कायद्याच्या पाचव्या कलमात शेपूट ठेवलं: मंजुरीशिवाय आणि सरकार ठरवील ती रक्कम भरल्याशिवाय हस्तांतर नाही, वाटप नाही. राबणूक गेली, दरबार राहिला.

कोणी म्हणेल, हे आपल्याच रक्षणासाठी आहे, नाहीतर सावकारानं कधीच गिळली असती. यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. पण मग शेजारी बघा. कुळकायद्यात मिळालेल्या जमिनीलाही ४३ कलमाखाली अशीच अट होती. २०१४ साली सरकारनं ती सैल केली: खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या चाळीसपट भरा, परवानगी नको. आकार एकरी चार रुपये धरला तर दीडशे-पावणेदोनशे रुपये! त्याला चाळीसपट आकार, आम्हाला बाजारभावाचं निम्मं. समुद्राकाठी बंगलेवाल्यांनी भाव चढवलाय, तो चढेल तसा आमचा नजराणाही चढतो.

कुळांना मिळालं त्याचा राग नाही. कसा असेल? याच अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी खोताविरुद्ध १९३३ पासून १९३९ पर्यंत संप केला, जमिनी पडीक ठेवल्या. नारायण नागू पाटील पुढारी होते. बाबासाहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ साली असेंब्लीत खोती मोडायचं बिल आणलं. कुळांच्या बाजूनं आमचा माणूस बोलला. आमच्या वतनाच्या अटीवर कोण बोलतंय?

साध्या घर घेणाऱ्यालाही सोपं नाही म्हणा. मुद्रांक शुल्क शहरात शंभराला पाच-सहा, ग्रामपंचायतीत थोडं कमी. तेही तुम्ही दिलेल्या किमतीवर किंवा सरकारी तक्त्यातल्या दरावर, जे जास्त असेल त्यावर. बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर जीएसटी. वकिलाचा सर्च, दस्तलेखक, फेरफारापायी फेऱ्या. नोंदणी फी शंभराला एक, पण कमाल ३० हजार. म्हणजे तीस लाखांची खोली घेणारा आणि तीन कोटींचा बंगला घेणारा सारखेच ३० हजार भरणार! २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर मुद्रांक तीन टक्क्यांनी उतरवला होता. धंदा बसला की सूट मिळते. या सगळ्या महिन्या-वर्षांत आमचं निम्मं होतं तिथंच.

आणि कागद मोठ्या हातात असला की काय होतं? २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या मुंढव्यातल्या चाळीस एकर महार वतनाचं प्रकरण पेपरांनी छापलं: दस्त ३०० कोटींचा, मुद्रांक ५०० रुपये. चौकशी लागली. आत्याला वाचून दाखवलं. तिनं दोनदा विचारलं, पाचशेच? मग म्हणाली, आमची पोत त्याहून महाग होती रे.

भावानं घराचा नकाशा गुंडाळून ठेवलाय. मी फेरफाराच्या नकला काढल्यात, १९५९ पासूनच्या. वाडीतल्या अकरा घरांच्या नकला झाल्या, सात राहिल्यात. ज्यांना त्या वाचता येतात त्यांनी रविवारी विहारात यावं, चष्मा घेऊन. अक्षर मोडी वळणाचं आहे.