कुमारवयीन कादंबरी, मराठी : नैतिक आशय

बालपण सरून तारुण्य येईपर्यंत मुलाच्या किंवा मुलीच्या मनाची जी घडण होते, ती जिचा मुख्य विषय आहे अशी कादंबरी. मराठीत या वर्गातील बरीच महत्त्वाची पुस्तके केवळ मुलांसाठी लिहिलेली नाहीत. तरी कुमार वाचकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या आपली मानली आहेत. कर्ज, भूक, जात, चोरी, खोटे बोलणे, आईचा मृत्यू, सत्तेची भीती हे त्यांचे विषय आहेत. या पुस्तकांतील नैतिक विचार घरच्या शिकवणुकीपासून निघून हळूहळू मुलाच्या स्वतःच्या निर्णयापर्यंत आला आहे.

श्यामची आई : पांडुरंग सदाशिव साने ऊर्फ साने गुरुजी (१८९९–१९५०) यांनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात या पुस्तकाचा बहुतांश भाग लिहिला. पुस्तक १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. मोठा झालेला श्याम आश्रमातील सोबत्यांना रोज रात्री आपल्या आईची एकेक आठवण सांगतो, अशी त्याची बेचाळीस रात्रींची रचना आहे. कोकणातील एका खालावत गेलेल्या घराची ही कथा आहे. सावकाराचा माणूस दारात येऊन अपमान करतो, घरात तेल असले तर मीठ नसते, आणि शेवटी आजारपणात आई जाते. श्याम गुणी आहे, पण निर्दोष नाही. तो पोहायला भितो, दुसऱ्यांना फुले मिळू नयेत म्हणून कळ्याच खुडून आणतो, आणि पुस्तके वाचून मोठे व्हावे या ओढीने पाहुण्याचे पैसे चोरतो. हेतू कितीही चांगला असला तरी चोरी ही चोरीच, हा आईचा निवाडा श्याम मान्य करतो. प्रौढ निवेदक स्वतःच्या चुका उघड सांगतो, म्हणून हा उपदेश वरून लादलेला वाटत नाही.

जातीचा प्रश्न या पुस्तकात थेट येतो. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वृद्धेची मोळी उचलून द्यायला आई श्यामला पाठवते. मात्र नंतर अंघोळ करण्याची रीत ती मोडत नाही. करुणा आणि सोवळे यांची ही ओढाताण पुस्तकात जशीच्या तशी उरली आहे. लेखक पुढे या मर्यादेपलीकडे गेला. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले. आचार्य अत्रे यांनी पुस्तकावर काढलेल्या चित्रपटाला (१९५३) पहिल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले.

झोंबी : आनंद यादव (१९३५–२०१६) यांची ही आत्मचरित्रात्मक कादंबरी १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली, तिला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. पु. ल. देशपांडे यांनी तिला प्रस्तावना लिहिली. कागलच्या एका कुळाच्या घरातील आंद्याला शाळा हवी आहे आणि बापाला शेतावर राबणारे हात हवे आहेत. येथे घरातली वडीलधारी सत्ताच मुलाच्या वाटेत उभी आहे. मायलेक गावातील वजनदार गृहस्थ दत्ताजीराव देसाई यांच्याकडे जाऊन मदत मागतात, आणि आपण येऊन गेल्याचे बापाला कळू देत नाहीत. लबाडीच्या या आधारावर आंद्याची शाळा पुन्हा सुरू होते. श्यामने पुस्तकांसाठी केलेली चोरी त्याच्या कथेने अमान्य केली. आंद्याची लबाडी त्याच्या कथेला मान्य आहे, कारण बापापुढे उघड बोलण्याची मुभा त्याला कोणी ठेवलेलीच नव्हती. बापही खलपुरुष नाही. कष्ट आणि दारिद्र्य यांनी तो तसा घडला आहे, हे मुलाला कळते आणि तरीही तो माघार घेत नाही. या दोन पुस्तकांतील सुमारे अर्धशतकाच्या अंतरात मराठी नैतिक विचारातील मोठा बदल दिसतो : नियम कोणी केला आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे विचारण्याचा हक्क मुलाला मिळाला.

‘झोंबी’तील एक भाग ‘जूझ’ या नावाने हिंदीत अनुवादित होऊन राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या बारावीच्या ‘वितान’ या पाठ्यपुस्तकात आला. त्यामुळे जबलपूरसारख्या शहरात हिंदी माध्यमातून शिकणाऱ्या मराठी घरातील मुलालाही आंद्याची भेट वर्गातच होऊ शकते; मूळ पुस्तक त्याच्या हाती देणे हे मात्र घराचे काम राहते.

आत्मकथनांची जोड : दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) या कादंबऱ्या नव्हेत, तरी त्यांच्यावाचून हा विषय अपुरा राहतो. श्यामने जिची मोळी उचलली तिच्या बाजूचे बालपण मराठीत प्रथम ठळकपणे अशा आत्मकथनांतून बोलू लागले. ‘उचल्या’त चोरीचा प्रश्नच पालटतो. इंग्रजी राजवटीच्या १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, आणि तो कायदा गेल्यावरही समाजाच्या मनातून शिक्का गेला नाही. अशा जमातीत जन्मलेल्या मुलाला चांगले वागण्याची शिकवण देणाऱ्या समाजाने आधी स्वतःच्या वागण्याचा हिशेब दिला पाहिजे, ही या पुस्तकाची मागणी आहे.

लंपन आणि शाळा : प्रकाश नारायण संत (१९३७–२००३) यांच्या ‘वनवास’ (१९९४), ‘शारदा संगीत’ (१९९७), ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ या कथासंग्रहांतून लंपन या मुलाचे एकसंध बालपण उभे राहते. आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांकडे वाढणाऱ्या या मुलाला कोणी बोध करीत नाही. एकटेपण, मैत्री आणि माणसे गमावणे यांतून त्याची जाण आपोआप वाढते. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (२००४) या कादंबरीचा काळ आणीबाणीचा आहे. नववीतला मुकुंद जोशी पहिल्या प्रेमाची ओढ अनुभवत असतानाच वर्गातली छडी आणि देशातली दडपशाही यांचे नाते ओळखू लागतो. धाक दाखवणारे शिक्षक आणि गप्प बसणारी मोठी माणसे पाहून धैर्य कशाला म्हणायचे हे त्याला स्वतःच शोधावे लागते. सुजय डहाके यांनी ‘शाळा’ आणि ‘श्यामची आई’ या दोन्हींवर चित्रपट केले.

अनुवाद आणि उणिवा : मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या १९३८ च्या अमेरिकी कादंबरीचा राम पटवर्धन यांनी केलेला ‘पाडस’ हा अनुवाद मराठीत स्वतंत्र कृतीइतका रुजला. जीव लावलेले हरणाचे पाडस घरचे पीक खाऊ लागते आणि ज्योडी या मुलाला त्याच्यावर गोळी झाडावी लागते. प्रेम आणि पोट यांतील हा पेच कोणत्याही उपदेशाने सुटत नाही. लुइझा मे अल्कॉट यांची चार बहिणींची कथा शांता शेळके यांच्या ‘चौघीजणी’मुळे मराठी घरांत आली. तिच्या लोकप्रियतेत मराठीतील एक उणीवही दिसते : वर उल्लेखिलेल्या मराठी कथांचे नायक मुलगे आहेत. मुलीच्या वाढत्या वयातील शरम, बंधने आणि बंड यांना त्यांत दुय्यम जागा मिळाली.

मूल्यमापन : शालेय पाठ आणि संक्षिप्त आवृत्त्या यांनी या पुस्तकांचे, विशेषतः ‘श्यामची आई’चे, तात्पर्यात रूपांतर केले आणि त्यांतील कर्ज, जात व मृत्यू यांची धार बोथट केली. मुलांना कठीण प्रश्न पेलत नाहीत, हा समज ही पुस्तके खोटा ठरवतात. शिक्षकांनी व पालकांनी ती संपूर्ण वाचायला द्यावीत, मुलांसोबत स्वतःही वाचावीत, आणि आंद्याचे खोटे बोलणे योग्य होते का, याचे उत्तर मुलांना देऊ द्यावे.