अंगाचे माप

गेल्या पावसाळ्यात आमची एक जुनी विद्यार्थिनी वारज्यास आमच्या घरी आली. वीस वर्षांपूर्वी तिने आमच्या वर्गात पेशवाईचा इतिहास अभ्यासिला होता. आज ती चाळिशी ओलांडलेली, एका मुलीची आई आहे. कर्करोगामुळे तिचा डावा स्तन काढून टाकावा लागला. उपचार संपून वर्ष लोटले होते, आणि रिकाम्या जागी नवा स्तन घडवून घ्यावा असे तिने ठरविले होते. चहा झाल्यावर तिने पिशवीतून एक कागद काढून आमच्यापुढे ठेविला. त्यावर शल्यवैद्यांनी तीन आकडे लिहिले होते : २४५, २९० व ३४०.

“सर,” ती म्हणाली, “हे तीन आकार आहेत. मधला घेतला तर उजव्या बाजूशी जमेल. लहान घेतला तर उजवी बाजूही थोडी कमी करावी लागेल, आणि मोठा घेतला तर उजव्या, निरोगी बाजूतही काही घालावे लागेल. बहीण म्हणते, करतेच आहेस तर मोठा घे. सासूबाई म्हणतात, या वयात कोण पाहणार आहे, काहीच करू नकोस. हे म्हणतात, तुला हवे ते कर. तुम्ही जुन्या गोष्टींत रमणारे. अंगाला नवा अवयव बसवायचा तर पूर्वी त्याचे माप कसे घेत?”

प्रश्न वैद्यकाचा होता व आम्ही वैद्य नव्हे. तथापि ‘माप’ हा शब्द ऐकताच आम्हांस पुण्याचीच एक हकीकत आठवली. तिला जे सांगितले व पुढे जे वाचून पाहिले, ते येथे मांडण्याचा विचार आहे.

असला विषय वाङ्मयीन मासिकात कशाला, अशी शंका काही वाचकांस येईल. वारज्याला लागूनच हिंगणे आहे. तेथे धोंडो केशव कर्वे यांनी १९०० साली आपला विधवांचा आश्रम आणिला. त्यांचे पुत्र रघुनाथराव यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, आणि १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. शरीराविषयी स्वच्छ शब्दांत लिहिल्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. स्त्रीच्या देहाचा निर्णय तिचा तिने घ्यावा, हे त्यांचे म्हणणे त्या काळी अनेकांस असह्य वाटले. ज्या परिसरास या पितापुत्रांचा वारसा लाभला, तेथे बसून हा विषय टाळणे आम्हांस तरी शोभणार नाही.

आता ती हकीकत. इंग्रज व टिपू यांच्यामध्ये १७९० ते १७९२ पर्यंत जे युद्ध झाले, त्यात इंग्रजी फौजेबरोबर कावसजी नावाचा एक मराठा बैल हाकणारा होता. तो टिपूच्या हाती सापडला, आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षाहून अधिक काळ तो तसाच वावरला. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिराने त्यास नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्याच्या चाकरीतील थॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या दोन डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया होताना पाहिली होती. जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढिले, आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये सारा वृत्तान्त प्रसिद्ध झाला.

त्या कारागिराची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रथम तो मेणाचा एक पातळ पत्रा घेई व तुटलेल्या नाकाच्या बुंध्यावर बसवून, चांगले दिसेल असे नाक त्याचे घडवी. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवी आणि त्याच्या कडेने रेघ ओढी. रेघेच्या आतील कातडी तो सोडवून घेई. मात्र दोन भुवयांच्या मध्ये एक लहानशी पट्टी जोडलेलीच ठेवी, म्हणजे रक्ताचा पुरवठा तुटत नसे. मग कातडी खाली वळवून बुंध्याला बसविली जाई. वर काथात भिजविलेल्या कापडाच्या पट्ट्या, चार दिवसांनी त्या काढून तुपात बुडविलेले कापड, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वाती. आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी ती जोडपट्टी कापून टाकावयाची, असा सारा क्रम होता.

हा कारागीर काही ग्रंथ वाचून हे करीत होता असे दिसत नाही. तरी सुश्रुतसंहितेतही हाच विचार आहे : झाडाचे पान नाकाच्या मापाचे करून घ्यावे, व त्या मानाने गालाची त्वचा घेऊन नाक साधावे. पान असो की मेण, माप घ्यावयाचे ते जखमेच्या जागेवरून. कारागिराजवळ तयार नाकांचा साठा नव्हता, की त्यातील एक रोग्याने पसंत करावे. पुण्याची ही रीत वाचून लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू याने १८१४ साली तशी शस्त्रक्रिया केली व १८१६ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. कपाळाच्या त्वचेने नाक करण्याच्या रीतीस पाश्चात्त्य वैद्यकात ‘हिंदी पद्धत’ हेच नाव पडले. महाराष्ट्रात या शास्त्राचा स्वतंत्र विभाग निघावयास मात्र १९५८ साल उजाडावे लागले; तो नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी काढिला.

स्तनाची कथा याहून निराळी आहे. तिचा आरंभ चांगला झाला. १८९५ साली हायडेलबर्गच्या व्हिन्सेंट्स चेर्नी याने एका गायिकेच्या स्तनातील गाठ काढिली. तेथे पडलेला खळगा भरण्यासाठी तिच्याच पाठीकडील चरबीची एक निरुपद्रवी गाठ त्याने तेथे बसविली. येथवर पुण्याचा न्याय पाळला गेला : जागा तिची, द्रव्य तिचे, आणि माप खळग्याचे. परंतु १८९९ पासून व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनी याने पातळ केलेले पॅराफिन सुईने शरीरात घालण्यास आरंभ केला, आणि लवकरच ते स्त्रियांच्या स्तनांतही जाऊ लागले. पुण्याच्या कारागिराने मेण मापापुरते वापरून बाजूला ठेविले होते. येथे मेणासारखा पदार्थच अंगात राहिला. तो जागचा सरके, त्याच्या कठीण गाठी होत, कातडी फुटे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात व पुढे अमेरिकेत पातळ सिलिकोन असेच सुईने घातले गेले, आणि त्याचीही तीच गत झाली.

१९६२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी थॉमस क्रोनिन व फ्रँक जेरो या शल्यवैद्यांनी सिलिकोनच्या पिशवीत सिलिकोनचाच लगदा भरून ती प्रथम एका स्त्रीच्या स्तनांत बसविली. टिमी जीन लिंडसे हे तिचे नाव. ती सहा मुलांची आई होती. तिने पुढे स्वतःच सांगितल्याप्रमाणे, ती रुग्णालयात गेली होती ती छातीवरचे गोंदण काढून घेण्यास. स्तन मोठे व्हावेत ही तिची मागणी नव्हती. तिला आपले पुढे आलेले कान मागे बसवून हवे होते. डॉक्टरांनी नवी गोष्ट सुचविली व ती कबूल झाली. कानांचे कामही करून देण्यात आले. म्हणजे जगातील या पहिल्या शस्त्रक्रियेत गरज व मागणी यांची सुरुवात जिच्या देहावर ती व्हावयाची तिच्यापासून झालीच नाही. आमच्या विद्यार्थिनीस आम्ही ही गोष्ट सांगितली, तेव्हा ती हसली आणि मग बराच वेळ गप्प राहिली.

बाहेरून आलेल्या मापांचा इतिहास एवढ्यावर संपत नाही. आपल्या संस्कृत व प्राकृत कवींनी स्तनांस कुंभांची उपमा दिली, आणि पुढच्यांनी ती इतकी गिरविली की, पाहणाऱ्याच्या डोळ्यांवाचून तिच्यात काही उरले नाही. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील ब्रा बनविणाऱ्या कारखानदारांनी स्तनांस ए, बी, सी, डी अशी अक्षरे दिली. हे अक्षर म्हणजे शरीराचे माप नव्हे. छातीचा घेर बदलला की एकाच अक्षराचा अर्थ बदलतो, आणि एका कंपनीचे अक्षर दुसरीच्या अक्षराशी जुळेलच असे नाही. तरीही ‘मला अमुक अक्षर करून द्या’ असे शल्यवैद्यांस सांगणाऱ्या स्त्रिया आजही आहेत. त्यापेक्षा आमच्या घरातील बायकांची जुनी रीत शहाणपणाची म्हटली पाहिजे. शिंप्याकडे नवी चोळी टाकताना त्या आपली अंगाला नीट बसणारी जुनी चोळी मापाला देत.

शल्यशास्त्रही फेरा घालून अखेर त्याच ठिकाणी आले आहे. पूर्वी पिशवी किती मिलिलिटरची, हा पहिला प्रश्न असे. आता तो शेवटचा आहे, किंवा असावयास हवा. प्रथम स्तनाच्या बुडाची रुंदी सेंटिमीटरात मोजतात, कारण त्या रुंदीबाहेर जाणारी पिशवी कडेने हाताला लागते, काखेत सरकते, किंवा दोन्ही बाजू मध्ये एकत्र येतात. नंतर वरच्या भागी कातडी व चरबी चिमटीत धरून तिची जाडी पाहतात. ती दोन सेंटिमीटरांहून कमी असेल तर पिशवीची कड झाकण्यासाठी ती बहुधा स्नायूखाली ठेवावी लागते. त्वचा किती ताणते आणि स्तनाग्रापासून खालच्या घडीपर्यंत अंतर किती, हेही मोजतात. अमेरिकेतील जॉन टेबेट्स व विल्यम अ‍ॅडम्स यांनी २००५ साली अशी पाच मापे व त्यांवरून करावयाचे पाच निर्णय मांडून दाखविले. ३०० मिलिलिटरची पिशवी रुंद छातीवर चपटी दिसेल व अरुंद छातीवर पुढे येईल. तेव्हा आकड्यास स्वतःचा असा अर्थ नाही. मैत्रिणीस शोभला म्हणून तोच आकडा आपणांस शोभेल, हा भ्रम आहे.

शिवाय ३०० मिलिलिटर म्हणजे जवळजवळ ३०० ग्रॅम वजन. ते एका बाजूस आणि जन्मभर वाहावयाचे. अंगाच्या ऐपतीबाहेरचे ओझे कातडीस पातळ करते व खाली ओढते. काही स्त्रिया मोज्यात मोजून तांदूळ भरतात, तो ब्रामध्ये ठेवून दोन दिवस घरात वावरतात, जिना चढतात, केर काढतात. वजनाचा अंदाज येण्यास हा उपाय वाईट नाही. परंतु रुंदीचा व त्वचेचा निर्णय तांदळाने होत नाही.

ही पिशवी जन्माची सोबतीण नव्हे, हेही सांगितले पाहिजे. तिच्याभोवती शरीर जे आवरण तयार करते ते कधी आवळून कठीण होते; पिशवी फुटते; ती बदलण्याची पाळी अनेकींवर येते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९२ साली सिलिकोनच्या पिशव्यांवर निर्बंध घातले व २००६ साली ते सैल केले. फ्रान्समध्ये एका कारखान्याने कारखानी दर्जाचे सिलिकोन भरल्याचे २०१० साली उघडकीस आले. खरबरीत पृष्ठाच्या काही पिशव्यांभोवती लसीकापेशींचा एक विरळा कर्करोग उद्भवतो असे दिसून आल्यावर २०१९ साली त्या जगभरच्या बाजारातून परत घेण्यात आल्या. यावरून हे करूच नये असे आमचे म्हणणे नाही. किती, कोणत्या जातीची, कोठे व पुढे काय, हे सारे आधी विचारून घ्यावे, इतकेच.

मग आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नास इतिहासाचे उत्तर काय? आम्हांस ते दुहेरी वाटते. बाहेरची मर्यादा शरीर घालून देते. ती कारागिराने प्रामाणिकपणे मोजावी आणि कोणाच्याही हौसेखातर ओलांडू नये. त्या मर्यादेच्या आत मात्र निवड जिचे अंग तिची. पुण्याच्या कारागिरानेही नाक केवळ भोक बुजविण्यापुरते केले नाही. ते चांगले दिसावे म्हणून मेणास आकार दिला. चांगले दिसण्याची इच्छा ही हलकी गोष्ट नव्हे. टिपूने नाक कापिले ते कावसजीस चारचौघांत तोंड दाखविता येऊ नये म्हणूनच. ‘कोण पाहणार आहे’ या वाक्याचे उत्तर साधे आहे : जिचे अंग आहे ती रोज पाहते. आणि काहीच करून न घेणे हीसुद्धा तितकीच मानाची निवड आहे, जर ती तिची असेल.

हे आम्ही बोललो, पण तीन आकड्यांपैकी एकावर बोट ठेविले नाही. तो अधिकार आमचा नव्हता.

तिच्यावरची शस्त्रक्रिया दोन पायऱ्यांची होती. पहिल्या वेळी कातडीखाली एक रिकामी पिशवी ठेवितात आणि काही आठवड्यांच्या अंतराने सुईने तीत मिठाचे पाणी थोडे थोडे भरून त्वचेस ताणावयास लावितात. वॉशिंग्टनच्या चेडोमिर राडोव्हान याने १९७६ च्या सुमारास ही युक्ती स्तनासाठी वापरात आणिली. दुसऱ्या वेळी ती काढून कायमची बसवितात. म्हणजे या रीतीत माप एका दिवसात ठरत नाही. ते अंगावर हळूहळू वाढत जाते.

दिवाळीनंतर ती पुन्हा आली, तेव्हा प्रकृती बरी दिसत होती. कागदाची आठवण आम्ही काढिली नाही, तिनेच काढिली. चौथ्या खेपेस पाणी भरताना डॉक्टरीणबाईंनी विचारले, आणखी थोडे घालू का? तिने समोरच्या आरशात पाहिले, हात वर करून पाहिला, आणि पंगतीत वाढपी पुढे आला म्हणजे आपण पानावर हात आडवा धरतो तसा हात धरून म्हणाली, “पुरे.”

आकडा कोणता ठरला, ते आम्ही विचारले नाही.