बाळंतपणानंतर कंबर का दुखते? आणि फिजिओथेरपीचा उपयोग कसा होतो?

‘सिझेरियनच्या वेळी कमरेत सुई दिली, तेव्हापासून कंबर दुखते’, हे तुम्हीही घरात ऐकलं असेल. सुईच्या जागी काही दिवस दुखू शकतं. पण वर्षानुवर्षं राहणाऱ्या कंबरदुखीला ही सुई कारणीभूत असल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. शिवाय नॉर्मल डिलिव्हरी झालेल्या बायकांचीही कंबर दुखतेच.

मग खरं कारण काय?

गरोदरपणात हार्मोन्समुळे ओटीपोटाचे सांधे सैल होतात. पोटाचे स्नायू ताणले जातात, मधोमध फाकतात. कमरेला पुढून मिळणारा आधार कमी होतो. त्यात वाकून दूध पाजणं आणि जड उचलणं आलं, की सगळा भार पाठीवर पडतो.

फिजिओथेरपीत काय करतात?

फक्त शेक आणि मशीन नाही. मुख्य काम असतं पोटाचे, पाठीचे आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू पुन्हा मजबूत करण्याचं. मालीश आणि शेकशेगडीने आराम पडतो, पण स्नायूंत ताकद व्यायामानेच येते.

घरी काय करता येईल?

• उताणं झोपून गुडघे वाकवा. श्वास सोडताना पोट हलकेच आत घ्या, कंबर जमिनीला टेकवा.
• लघवी रोखल्यासारखे स्नायू आवळा, ५ सेकंद धरा, सोडा. असं १० वेळा.
• भिंतीला टेकून बसा, मांडीवर घडी केलेली गोधडी ठेवा आणि बाळाला छातीपर्यंत वर घ्या.
• उठताना आधी कुशीवर वळा.
• भरलेला हंडा उचलू नका. पाणी आणावंच लागलं, तर छोट्या कळशीने आणा.

सिझेरियन झालं असेल, तर व्यायाम डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.

गावात अडचण कुठे येते?

नवी मुंबईत कामोठे आणि नेरूळला फिजिओथेरपीची कॉलेजं आहेत. पण पनवेल-कर्जतच्या आदिवासी वाड्यांतून तिथे यायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते. नोकरदार बाईला कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी बाईला अशी रजा नाही.

आशाताई मात्र दारात येते. घरी जाऊन बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने उभी केली. २०११ पासून ती देशभर राबवली जाते. दवाखान्यात बाळंतपण झालं, तर आशाताई साधारणपणे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी येते. ती बाळासोबत आईचीही विचारपूस करते. तेव्हा ‘कंबर दुखते’ हे सांगा. प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढे कुठे जायचं, ते तिथे विचारता येतं.

लगेच दवाखाना कधी गाठायचा?

ताप, पायात बधिरपणा किंवा ताकद जाणं, लघवी-शौचावर ताबा न राहणं, एका पोटरीला सूज आणि दुखणं. यातलं काहीही असेल तर थांबू नका. बाळंतिणीसाठी १०२ आणि तातडीच्या वेळी १०८ ही रुग्णवाहिका मोफत आहे.

‘बाळंतपण म्हटलं की कंबर दुखणारच’ असं म्हणून अनेक जणी आयुष्यभर हे दुखणं काढतात. घरात नुकतीच बाळंत झालेली कुणी असेल, तर बाळाच्या वजनासोबत तिच्या कमरेचीही चौकशी करा.