मोबियस : लाइव्ह लूपिंगमधील ट्रॅक आणि स्क्रिप्ट

वाजवता वाजवताच आपला आवाज रेकॉर्ड करायचा, तो फिरता ठेवायचा आणि त्याच्यावर पुढचे वादन चढवायचे, या पद्धतीला लाइव्ह लूपिंग म्हणतात. त्यासाठी लिहिल्या गेलेल्या सॉफ्टवेअरपैकी मोबियस हे अमेरिकी प्रोग्रामर जेफ लार्सन यांचे. सर्क्युलर लॅब्ज या नावाने त्यांनी ते विनामूल्य दिले. अनेक ट्रॅक एकाच वेळी फिरते ठेवणे आणि त्यांच्यातली देवाणघेवाण वादकाने स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टवर सोपवणे, ही त्याची खासियत.

एका यंत्रातला ध्वनी दुसऱ्यात नेण्याची युक्ती मात्र या सॉफ्टवेअरच्या कितीतरी आधीची. कॅलिफोर्नियाचे संगीतकार टेरी रायली यांनी 1963 मध्ये पॅरिसला ती वापरली. दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून एकच फीत दोन्हींतून ओवलेली असे. पहिल्यावर जे रेकॉर्ड होई ते दुसऱ्यावर वाजे आणि तिथून तारेने पुन्हा पहिल्याकडे येई. फितीचा वेग सेकंदाला साडेसात इंच आणि दोन्ही यंत्रांमधले फितीचे अंतर पाच फूट धरले, तर आवाज आठ सेकंदांनी परत येतो. लूप लांबवायचा तर यंत्रच उचलून लांब सरकवायचे. या मांडणीला रायलींनी ‘टाइम लॅग अ‍ॅक्युम्युलेटर’ म्हटले आणि पुढे तिच्या जोरावर रात्ररात्र मैफली केल्या.  

डिजिटल काळात हा वारसा ‘एकोप्लेक्स डिजिटल प्रो’ या यंत्राकडे आला. मथायस ग्रोब यांच्या रचनेवरून ते घडले आणि 1990च्या दशकात गिब्सन कंपनीने ओबरहाइमच्या नावाखाली बाजारात आणले. दोन सेकंदांचा ताल चौपट लांब करून त्यावर आठ सेकंदांची धून बसवणारे ‘मल्टिप्लाय’, चालू लूपच्या मध्येच नवा तुकडा घालणारे ‘इन्सर्ट’, शेवटचा थर काढून टाकणारे ‘अनडू’ या क्रियांची सवय वादकांच्या पायांना त्यानेच लावली. पण ट्रॅक एकच. दुसरा हवा तर दुसरे यंत्र विकत घ्यायचे आणि केबलने जोडायचे. मोबियसने त्याच क्रिया घेतल्या आणि एका पडद्यावर आठ ट्रॅक मांडले.

ट्रॅक वाढले की वेळेचा प्रश्न येतो. तबल्याच्या सोलोला हार्मोनियमवर लेहरा धरतात. तबलजी कितीही लांब फिरून आला तरी त्याला समेवरच यावे लागते. मोबियसमध्ये पहिल्या ट्रॅकला लेहऱ्याची जागा देता येते. मग फूटस्विच थोडे आधी दाबले गेले तरी क्रिया लगेच होत नाही, समेपर्यंत थांबून राहते.

खरी कसोटी लागते ती एका ट्रॅकमधला आवाज दुसऱ्यात रेकॉर्ड करताना. तोंडाने काढलेला ताल पहिल्या ट्रॅकमध्ये आठ सेकंदांचा आहे आणि बास गिटार दुसऱ्यात सहा सेकंदांची, असे समजा. दोन्ही पुन्हा एकत्र सुरुवातीला येतात ती 24 सेकंदांनी. म्हणजे तिसऱ्या ट्रॅकमध्ये दोघांचे मिश्रण घ्यायचे तर पूर्ण 24 सेकंद रेकॉर्ड करावे लागतात; आठावर थांबले की गिटारचा तुकडा मध्येच कापला जातो. शिवाय आवाज साउंडकार्डमधून बाहेर काढून परत आत घेतला तर उशीर होतो. सेकंदाला 44,100 नमुने आणि 256 नमुन्यांचा बफर असेल, तर जाताना एकदा आणि येताना एकदा मिळून सुमारे 12 मिलिसेकंद जातात. एवढ्यानेही ताल ढिला वाटू लागतो आणि तेच मिश्रण पुन्हा फिरवून घेतले की उशिरात भर पडते. म्हणून मोबियसमध्ये ‘बाउन्स’ आहे: वाजणाऱ्या ट्रॅकांचे मिश्रण आतल्या आतच घेऊन रिकाम्या ट्रॅकमध्ये ठेवायचे आणि मूळ ट्रॅक म्यूट करायचे.

हे सगळे पायाने साधायचे तर एका समेवर तीन-चार स्विच दाबावे लागतील, तेही हातात वाद्य असताना. इथे स्क्रिप्ट कामाला येते. स्क्रिप्ट म्हणजे साधी मजकुराची फाइल, एका ओळीत एक आज्ञा: लूपच्या सुरुवातीपर्यंत थांब, चौथ्या ट्रॅकवर जा, रेकॉर्ड सुरू कर, पुन्हा थांब, बाकीचे ट्रॅक एकेक करून म्यूट कर. यातली ‘थांब’ ही आज्ञा सर्वांत मोलाची. ती नसेल तर संगणक सगळ्या ओळी एका क्षणात उरकून टाकील आणि ताल विस्कटेल. अशी स्क्रिप्ट संगणकाला मिडी संदेश पाठवणाऱ्या पॅडलच्या एका बटणाला जोडता येते, म्हणून वादकाचे लक्ष पायाकडे न जाता सुराकडे राहते. छोट्या, एकच काम चोख करणाऱ्या स्क्रिप्ट उत्तम; सबंध कार्यक्रम एकाच फाइलमध्ये लिहून ठेवला तर ऐनवेळी सुचलेल्या गोष्टीला जागा उरत नाही.

जेसी चॅपेल यांच्या सूपरलूपर या मुक्त सॉफ्टवेअरने दुसरी वाट धरली. त्यात प्रत्येक लूपला मिडी किंवा ओएससी (ओपन साउंड कंट्रोल) संदेशांनी बाहेरून हुकूम देता येतो, त्यामुळे क्रम ठरवण्याचे काम वेगळ्या प्रोग्रामकडे देता येते. मिलर पकेट यांचे प्युअर डेटा त्यासाठी वापरता येते. त्यात कोड टाइप करण्याऐवजी पडद्यावरचे चौकोन रेघांनी जोडून तर्क मांडतात.