रात्रीचं टपाल आणि गारांचा ढग

गारपीट म्हणजे काय, हे नरखेडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आंबिया बहाराच्या वेळी संत्र्याच्या बागेवर गार पडली की वर्षाची कमाई जमिनीवर दिसते. आज त्याच ढगाबद्दल बोलायचंय, पण वरच्या बाजूनं.

गार तयार होते, याचा अर्थ ढगातली हवा इतक्या जोरानं वर चढतेय, की ती बर्फाचा गोळासुद्धा झेलून धरते. आणि शेजारीच पावसाबरोबर हवा खाली कोसळत असते. विमान काही सेकंदांत एकीतून दुसरीत जातं. लोक ‘एअर पॉकेट’ म्हणतात ते बरेचदा हेच. आभाळात खड्डा वगैरे काही नसतो!

आता १९४९ सालात चला. दळणवळण मंत्री होते रफी अहमद किडवाई. त्यांच्या काळात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार शहरांतून रोज रात्री एकेक डाकोटा निघायचं. मध्यरात्रीनंतर चौघं नागपूरला, सोनेगावच्या विमानतळावर जमायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या गावी परत. थैल्यांबरोबर प्रवासीही असायचे.

या योजनेची मेख बघा. एक विमान अडकलं, तर बाकीच्या तिघांनी थांबायचं किंवा त्या शहराची पत्रं सोडून जायचं. म्हणजे ढग दिसला म्हणून मागे फिरणं वैमानिकाला सोपं नव्हतं. मला हा ताण विजेपेक्षा मोठा वाटतो.

आणि ढग दिसायचा तरी कसा? या विमानांत हवामानाचं रडार नव्हतं. रात्री वीज चमकली की तेवढ्यापुरता ढगाचा आकार कळायचा. डाकोटाच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नसल्यानं प्रवासी घेऊन साधारण दहा हजार फुटांच्या आसपासच उडावं लागे. ढगाचा माथा चाळीस हजारांच्याही वर. म्हणजे वरून जाणं नाहीच; वळसा, नाहीतर आतून.

आत शिरल्यावर काय करायचं? योगायोग असा, की त्याच १९४९ साली अमेरिकेत एक मोठा अहवाल आला. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९४६मध्ये फ्लोरिडात आणि १९४७मध्ये ओहायोत मुद्दाम वादळी ढगांत विमानं घातली होती. अशा उड्डाणांतून पक्की झालेली शिस्त आजही शिकवतात: वेग ठरलेल्या मर्यादेपर्यंत कमी करा, पंख आणि नाक सरळ ठेवा, आणि उंचीच्या मागे धावू नका. हजार फूट वर फेकले गेलात तरी नाक दाबून उंची परत मिळवायची नाही, कारण पुढच्याच क्षणी हवा खाली ओढणार असते आणि दोन्हींचा भार पंखांवर एकदम येतो. हातांना हे अजिबात पटत नाही.

रडार आलं तरी प्रश्न संपला नाही. १ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला निघालेलं बोइंग ७३७ उतरत असताना असं हादरलं, की ऑटोपायलट सुटला आणि सुमारे दोन मिनिटं वैमानिकांनी ते हातानं सांभाळलं. नकाशावर मुंबई-दुर्गापूर रेष ओढा, ती आपल्या नागपूरजवळूनच जाते. विमान सुखरूप उतरलं, पण १४ प्रवासी आणि केबिनमधले तीन कर्मचारी जखमी झाले. जखमींपैकी एका प्रवाशाचा काही महिन्यांनी मृत्यू झाला.

त्या तिघांकडे लक्ष द्या. प्रवाशाला पट्टा बांधायला सांगणारा माणूस स्वतः उभा असतो, हातात ट्रॉली असते. म्हणून कॅप्टनचा हुकूम आला, की चहा अर्धवट राहिला तरी चालेल, आधी त्यानंही बसून पट्टा लावायचा.