धुरा आणि रॉकेट

वऱ्हाडात माणसाची पारख धुऱ्यावर होते. दोन वावरांमधला धुरा हातभर सरकला, की एका ताटात जेवलेले सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात आणि आजोबांनी लावलेला दावा नातू चालवतो. अकोला-अमरावतीच्या कितीतरी वकिलांच्या घरांवर माड्या चढल्या त्या आमच्या धुऱ्यांच्या जिवावर. अशा मुलखातला माणूस देशाच्या पहिल्या रॉकेट-तळाचा इतिहास वाचायला बसला, म्हणजे त्याला आधी रॉकेट दिसतच नाही. त्याचा पहिला प्रश्न असा, की एवढी जागा सोडली कोणी?

तो तळ म्हणजे केरळातलं थुंबा. तिरुवनंतपुरमजवळची, समुद्रकाठची कोळ्यांची वस्ती. विक्रम साराभाईंना तीच जागा हवी होती, कारण पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त तिथून अगदी जवळून जातं. त्या रेषेवर, शंभरेक किलोमीटर उंचीवर, दिवसा विजेचा एक प्रवाह वाहत असतो. फुगा तितका वर पोचत नाही आणि उपग्रह तितक्या खाली टिकत नाही. तिथली खबर आणायला रॉकेटच धाडावं लागतं.

हे मी आमच्या शेजारच्या काकाजींना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मंग आपल्या इकडून काहून नाई सोडत? मोकळं रान तं इकडंच हाये."

"काकाजी, जळून संपलेला भाग खाली पडतो. त्याला खाली समुद्र लागतो."

"समुद्र नसन तं नसन, पूर्णा हाये न!"

उन्हाळ्यात आमच्या पूर्णेत म्हैससुद्धा धड बुडत नाही, तिथं रॉकेटाची काय कथा! पुढे २ एप्रिल २०२२ ला, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आभाळातून जळते निखारे गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात धातूचं एक भलंमोठं कडं येऊन पडलं. चिनी रॉकेटाचा तुकडा असावा, असं जाणकारांनी सांगितलं. तेव्हापासून काकाजींनी पूर्णेचा आग्रह सोडला आहे.

तर थुंब्याची जागा. तिच्या मधोमध होतं सेंट मेरी मॅग्दलीनचं चर्च. अब्दुल कलामांनी लिहून ठेवलं आहे, की साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरांकडे गेले, तेव्हा बिशप म्हणाले, रविवारी या. रविवारी प्रार्थनेला जमलेल्या लोकांपुढे त्यांनी मागणी मांडली, विज्ञानाचं काम समजावलं, आणि सगळं चर्च 'आमेन' म्हणालं. आमच्या गावात मारुतीच्या पाराचा एक चिरा हलवायचा म्हटला, तर तीन ग्रामसभा आणि दोन डोकी फुटतात!

लोक उठले. चर्चमध्ये तळाचं पहिलं कार्यालय थाटलं गेलं. प्रार्थनेच्या खोलीत प्रयोगशाळा आली आणि बिशपच्या खोलीत नकाशे काढायला बसले. २१ नोव्हेंबर १९६३ ला पहिलं रॉकेट सुटलं, अमेरिकेचं नाइकी-अपाची. ऐन वेळी ते उचलणाऱ्या क्रेनचं तेल गळू लागलं, तेव्हा मंडळींनी हातांनीच ते जागेवर चढवलं. कापसाचा बोंदरा बंडीत चढवताना आम्ही लावतो तोच जोर. सूर्य मावळल्यावर सोडियमच्या वाफेचा नारिंगी ढग आभाळात पसरला.

पुढे १९६७ साली आपले वसंत गोवारीकर विलायतेहून तिथं आले आणि घन इंधनाच्या मागे लागले. पावसाचा अंदाज सोळा घटकांवरून सांगणारे गोवारीकर ते हेच. १९७० च्या अखेरीपासून तर सोव्हिएत बनावटीची हवामान-रॉकेटं दर बुधवारी सुटू लागली; आमचा आठवडी बाजार भरावा तशी. मोठी रॉकेटं पूर्व किनाऱ्यावर श्रीहरिकोट्याला गेली. तिथून यानादी आदिवासींना उठावं लागलं.

थुंब्याच्या चर्चमध्ये आज अवकाश-संग्रहालय आहे. हे सगळं मी काकाजींना रंगवून सांगितलं. रॉकेटाबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

"थे कोळी राह्यले कुठं?"

"दुसरं गाव वसवलं, नवं चर्च बांधून दिलं."

"समुद्राजवळच?"

"हो."

"मंग बरं."

काकाजींचे सोयरे मोर्शीकडचे. अप्पर वर्धा धरणात तिकडच्या लोकांची वावरं गेली, आणि २०२३ सालीसुद्धा ते प्रकल्पग्रस्त मुंबईला मंत्रालयातल्या जाळीवर उड्या मारून मोबदला मागत होते. पुस्तकात रॉकेट सुटल्याची तारीख मिनिटासकट मिळते. काकाजी चष्मा पुसत त्या पुस्तकात अजून एकच तारीख शोधताहेत: पैसे हातात पडल्याची.